टांगा कोण हाकणार? चाळीसगावचा अर्धवट वाचलेला धडा आणि गिअरची गाडी

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाच कार्यकर्ते एका गावाला निघालो होतो. प्रकरण न्यायालयात आहे म्हणून गावाचे नाव लिहीत नाही. वस्तीवर बहिष्कार होता. किराणा बंद, दळण बंद, मजुरी बंद. तालुक्याच्या गावाहून भाड्याची जीप ठरवली. फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरला मालकाचा फोन आला. बोलणे दोन मिनिटांचे. मग तो आमच्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, मला परत फिरायला सांगितलंय. मला रोज याच रोडला धंदा करायचाय." आम्ही भांडलो, कायदा सांगितला, व्हिडिओ काढायची धमकी दिली. तो पोरगाही गरीबच होता. त्याने पैसे परत केले आणि गाडी वळवली. मे महिन्याच्या उन्हात आम्ही सहा किलोमीटर चालत वस्तीवर गेलो.

हा भाग आम्ही सभांमधून बऱ्याचदा सांगितला. टाळ्या आणि घोषणा मिळाल्या. पुढचा भाग मात्र आजवर सांगितला नाही, कारण त्यात दोष आमचा आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही ठरवले की आता कुणाच्या दारात जायचे नाही. वस्तीतल्या एका भावाने कर्ज काढून जुनी गाडी घेतली होती, ती त्याने आनंदाने दिली. काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेले. तो स्वतः ड्युटीवर होता. आमच्यातला एक जण म्हणाला, "आण चावी, मला येते." त्याच्याकडे लायसन्स होते, पंधरा दिवसांचा क्लासही झालेला होता. परतताना गाडीत फिर्यादीची आई होती. तिचा जबाब दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवायचा होता, म्हणून तिला रात्रीच शहरात आणणे गरजेचे होते.

नाल्यावरच्या चढाला समोरून एसटी आली. आमची गाडी थांबली आणि पुन्हा उचलेना. ब्रेक सोडला की गाडी मागे, क्लच सोडला की धक्का बसून बंद. तीन वेळा बंद पडली. चौथ्या वेळी ती सरळ मागे घरंगळत फरशीपुलाच्या कडेला गेली. त्या पुलाला कठडा नव्हता. एकाने उडी मारून चाकाखाली दगड लावला म्हणून हा लेख लिहायला आम्ही आहोत. मागच्या सीटवरची ती माउली शांतपणे म्हणाली, "पोरांनो, मला उतरवा. मी चालत येते."

त्या रात्री आमच्यातल्या एकानेच चाळीसगावची आठवण काढली.

मित्रांनो, चाळीसगावचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी वाचला आहे. बाबासाहेबांनी तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात स्वतः लिहून ठेवला आहे. साल 1929. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य म्हणून खानदेशात होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. महारवाड्यातली माणसे हार घेऊन स्टेशनवर आली होती. तरीही त्यांना तासभर थांबावे लागले. मग एक टांगा आला. दोनशे पावले जात नाही तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या बिनकठड्याच्या पुलाशी घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

हे का झाले? एकाही टांगेवाल्याने महाराला टांग्यात बसवून हाकायला होकार दिला नाही. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला मिळणार नाही. तेव्हा आपल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता.

इथपर्यंतची गोष्ट आपण भाषणात सांगतो आणि टांगेवाल्याच्या जातीयवादावर थांबतो. ते बरोबरच आहे. मुख्य गुन्हेगार ती व्यवस्था आहे, जिच्यात टांगेवाल्यासारखा कष्टकरी माणूसही विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजतो. पण बाबासाहेब तिथे थांबत नाहीत. ते आपल्याच माणसांबद्दल प्रेमाने पण स्पष्ट लिहितात. पाहुण्याने पायी येणे मानाला शोभणार नाही असे लोकांना वाटले, पण मानापेक्षा प्रवाशाचा जीव मोठा आहे आणि हाकणाऱ्याला हाकता येते का हे बघितले पाहिजे, याचा त्यांना विसर पडला. ज्याने लगाम धरला त्याला सुरुवातीला वाटले, यात काय आहे! जबाबदारी कळली तेव्हा तो इतका घाबरला की त्याने ताबा सोडून दिला.

आमच्या चढावरच्या गाडीत आणि त्या टांग्यात काय फरक होता? गाडी आपली, काचेवर घोषणा आपली, चावी आपल्या हातात. पण गाडी चालवण्याचा अभ्यास नव्हता.

आमचे म्हणणे सरळ आहे. आपल्या प्रत्येक तरुण-तरुणीने गिअरची चारचाकी नीट चालवायला शिकले पाहिजे. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने आणि ज्याच्याकडे नाही त्यानेही. यावर जे आक्षेप येतात ते आम्ही ऐकले आहेत, आणि त्यांना उत्तर देणे आमचे काम आहे.

पहिला आक्षेप शिकलेल्या मित्रांचा. "बाबासाहेबांनी शिका म्हटले ते ड्रायव्हर होण्यासाठी का? आपल्या पोरांना पुन्हा दुसऱ्याची गाडी हाकायला लावता?" या आक्षेपामागची वेदना आम्हाला समजते. पण जातीने आपल्याला जसे हलक्या कामात कोंडले, तसेच अनेक कामांपासून तोडलेही. महारवाड्यात कुणालाच टांगा हाकता येत नव्हता याचे कारण बाबासाहेबांनीच दिले आहे. तो त्यांचा धंदा नव्हता. घोडा, टांगा, बैलगाडी, पुढे मोटार ही साधने ज्यांच्या दारात होती त्यांच्या मुलांना ती खेळता खेळता आली. आपल्या दारात ती नव्हती. 1901 साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेल्या लहानग्या भीमरावालाही मसूर स्टेशनवर हाच अनुभव आला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकेना. तो बाजूने चालला आणि पोरांनी गाडी हाकली. आज चालवता येणे आणि चालक म्हणून राबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या वकिलाला, प्राध्यापकाला, नर्सताईला गाडी चालवता आली म्हणून तिची पदवी कमी होत नाही. आणि जो पोटासाठी चालवतो त्याच्या कामाला हलके समजणे ही तर मनुवादी नजरच झाली.

गाडीचा आणि जातीचा संबंध जुना झाला, असेही कुणी म्हणू नये. अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवू न देणे, लग्नाच्या वरातीत घोड्यावर किंवा वाहनावर बसू न देणे, हे तिच्यात गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत लिहावे लागले. एकविसाव्या शतकात संसदेला हे लिहावे लागते यातच सगळे आले.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. "आता ऑटोमॅटिक गाड्या आल्या. क्लच-गिअर कशाला शिकायचे?" ज्याला नवी ऑटोमॅटिक परवडते त्याने जरूर घ्यावी. पण रात्री दोन वाजता वस्तीत कुणाला कळा सुरू झाल्या तर दारात कोणती गाडी असेल? शेजाऱ्याची जुनी मारुती असेल, मंडप डेकोरेशनवाल्याचा टेम्पो असेल, नाहीतर कुणाची तरी जीप. बहुतेक गिअरचीच. कायदा मोटारसायकलसाठी गिअरची आणि बिनगिअरची असा भेद करतो, हलक्या चारचाकीसाठी करत नाही. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याच्या हातात तेच लायसन्स येते. कागदावर दोघे सारखे, चढावर नाहीत. गिअरची गाडी येणाऱ्याला ऑटोमॅटिक तासाभरात समजते. उलटे होत नाही.

तिसरा मुद्दा आक्षेप नाही, अनुभव आहे. "क्लास लावला, लायसन्स काढले, तरी गाडी येत नाही." आमच्या मित्राचे हेच झाले होते. का झाले ते आम्ही खोलात जाऊन पाहिले.

शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. सुरक्षेसाठी तो हवाच. पण बऱ्याच ठिकाणी होते असे की पंधरा दिवस स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात आणि क्लच शिक्षकाच्या पायात. शिकणाऱ्याला वाटते गाडी आपण चालवतोय. रोज अर्धा तास, त्याच सपाट रस्त्याने, गर्दी टाळून. शेवटी एजंट कागद पुढे करतो, परीक्षेत गाडी चार पावले पुढे, चार पावले मागे, झाले. आपल्याला हे ओळखीचे वाटत नाही का? राखीव जागेवर आपला सरपंच खुर्चीत बसलेला असतो आणि ग्रामपंचायत पाटलाच्या वाड्यातून चालते. पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघातून कसे प्रतिनिधी निवडून येतात, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितले. स्टिअरिंग हातात असणे म्हणजे ताबा असणे नव्हे. म्हणून क्लासला जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा, "दादा, आता क्लच कुणाच्या पायाखाली आहे?" पैसे तुम्ही दिले आहेत. विचारायचा हक्क तुमचा आहे.

मग क्लच म्हणजे नेमके काय? हे समजले की निम्मी भीती जाते. इंजिन चालू असताना ते फिरतच राहते. नुसते उभे असतानाही मिनिटाला साधारण 800 फेरे. चाके मात्र सिग्नलला, चढाला, म्हशी आडव्या आल्या की थांबवावी लागतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांना एकदम जोडले तर इंजिन गुदमरून बंद पडते. क्लच त्यांना हळूहळू जोडतो. पॅडल पूर्ण दाबले की संबंध तुटला. पूर्ण सोडले की पक्का जुळला. मधे एक जागा आहे जिथे प्लेट घासत घासत पकड घेते. त्या क्षणी इंजिनाचा आवाज थोडा जड होतो, बॉनेट किंचित उचलते, सीटखाली हलकी थरथर जाणवते. ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. ती डोळ्याने दिसत नाही, पायालाच कळावी लागते.

म्हणून आम्ही आता शिकवतो ते असे. मोकळे मैदान, सपाट जमीन, शेजारी लायसन्स असलेला जाणता माणूस. पहिल्या दिवशी ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही. पहिला गिअर टाकायचा आणि नुसत्या क्लचवर गाडी दहा फूट न्यायची, थांबवायची, पुन्हा न्यायची. पन्नास वेळा. गाडी बंद पडली तर हसायचे नाही, ओरडायचे तर मुळीच नाही. बंद पडणे हा शिकण्याचाच भाग आहे. पाय हळू सोडायला शिकला की रेस द्यायची, मग दुसरा गिअर, तिसरा गिअर. गिअर बदलताना खाली बघायचे नाही, रस्त्याकडे बघायचे. गिअर बदलून झाला की क्लचवरचा पाय बाजूला घ्यायचा. तिथेच ठेवून गाडी चालवली की प्लेट झिजते आणि गरिबाच्या खिशाला मोठा खड्डा पडतो.

मग चढ. जिथे आम्ही हरलो ती जागा. गाडी चढावर थांबली की हँडब्रेक ओढायचा. पहिला गिअर, क्लच हळू सोडत पकडीच्या जागेवर आणायचा, थोडी रेस द्यायची. गाडी पुढे जायला धडपडते आहे असे जाणवले की मगच हँडब्रेक सोडायचा. गाडी एक बोटही मागे येत नाही. हे शिकायला आम्हाला एक रविवार लागला. एक रविवार! आणि तो आधी न घालवल्यामुळे एका माउलीचा जीव आम्ही पुलाच्या कडेला नेला होता.

आणि उतार. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे बहाद्दर आपल्यातही आहेत. गिअर असला की इंजिनच गाडीला धरून ठेवते. न्यूट्रल केले की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. इंजिनच बंद केले तर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. पुण्यात नवले पुलाच्या उतारावरच्या अपघातांची चर्चा होते तेव्हा न्यूट्रलचा विषय पुन्हा पुन्हा निघतो तो यामुळेच. ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा, हे जुन्या एसटी ड्रायव्हरांचे म्हणणे लाखमोलाचे आहे.

आता कायद्याचे. आपण संविधान मानणारी माणसे आहोत, एजंट मानणारी नव्हे. वय 18 पूर्ण झाले की लर्निंग लायसन्स निघते. ते सहा महिने चालते आणि 30 दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. मधल्या काळात गाडीला लाल 'एल' आणि शेजारी लायसन्सधारक हवाच. 18 च्या आतल्या पोराला गाडी दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा 14 एप्रिलच्या मिरवणुकीत नववीतल्या पोराच्या हातात चावी देणाऱ्यांनी जरा विचार करावा. पोटासाठी चालवणाऱ्यांनाही दोन गोष्टी माहीत हव्यात. व्यावसायिक परवान्याची आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल दिला की हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला 7,500 किलोच्या आतले मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. विशेष अटींची वाहने तेवढी सोडून. म्हणजे नीट शिकलेल्या एका लायसन्सवर टेम्पो, टॅक्सी, पार्सलची गाडी असे बरेच दरवाजे उघडतात. चालक प्रशिक्षणाची सरकारी योजना चालू आहे का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन लेखी विचारा.

शेवटचा मुद्दा आपल्या भगिनींचा. आमच्या मैदानावर पहिल्या महिन्यात अकरा पोरे आली आणि एकही मुलगी आली नाही. कारण शोधले तर ते बाहेर सापडले नाही, आमच्याच घरात सापडले. भावाने शिकायचे आणि बहिणीने मागच्या सीटवर बसायचे हे आम्ही गृहीत धरले होते. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवर मोजणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी! मग आम्ही घरोघर गेलो आणि सकाळची वेळ मुलींसाठी ठेवली. आज त्या मैदानावर सगळ्यात स्वच्छ हाफ क्लच धरते ती एक अंगणवाडी सेविका ताई आहे. गेल्या पावसाळ्यात साप चावलेल्या एका पोराला तिनेच तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवले. गाडी ज्याची होती तो मालक त्या रात्री शेजारी बसला होता. त्याला गाडी येत नव्हती.

खर्चाचे म्हणाल तर मोठे काही लागत नाही. एक जुनी चालू गाडी, तिचा विमा भरलेला, चार जाणती माणसे आणि रविवारची सकाळ. दर महिन्याला प्रत्येकाने डिझेलपुरते पैसे काढले की काम चालते. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जाते तेवढ्यात एका वस्तीतली दहा माणसे शिकतात. आम्ही डीजेच्या विरोधात उपदेश करत नाही, फक्त हिशेब मांडतो.

टांगा नाकारणाऱ्याशी लढाई चालूच राहील. ती न्यायालयात, रस्त्यावर आणि विधिमंडळात लढू. पण ज्या दिवशी तो नाकारेल त्या दिवशी लगाम धरायला आपल्यातला एक तयार, सराव झालेला हात हवा. चाळीसगावच्या त्या अनाम बांधवाला दोष द्यायचा आम्हाला हक्क नाही. त्याला शिकायची संधीच मिळाली नव्हती. आपल्याला ती आहे.

त्या माउलीचा जबाब दुसऱ्या दिवशी झाला. त्या रात्री दगड काढून, गाडी ढकलून, आम्ही चढ पार केला आणि ती आमच्या मागे अंधारात चालत आली. पुढच्या तारखेला तिला आणायला जायचे आहे. या वेळी ती गाडीत बसूनच चढ पार करेल.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता विहारामागच्या मैदानावर या. येताना आपल्या बहिणीलाही घेऊन या.

जय भीम!